अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंग / रेडिओग्राफी / डेंटल हायजीन : कोणी केलंय का?

सांगलीची_सई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. या विषयावर आधी धागा असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

मी बीएचएमएस. सांगलीत स्वतःचं क्लिनिक होतं. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, सध्या एडिसनला राहतो. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालाय, त्यामुळे मला एच-४ वर (एच-१ या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र, मिळालंय. मुलगी पहिलीत, तीन वाजेपर्यंत शाळेत. इथे होमिओपॅथीच्या पदवीवर डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, हे आता पचनी पडलंय. पुन्हा एमडी वगैरे करण्याइतका पैसाही नाही आणि उमेदही नाही.

घराजवळ काउंटीचं कम्युनिटी कॉलेज आहे. तिथे नर्सिंग, रेडिओग्राफी, डेंटल हायजीन असे दोन वर्षांचे कोर्स दिसतात आणि फी युनिव्हर्सिटीच्या मानाने बरीच कमी आहे. खरंच दोन वर्षांत होतं का? माझ्या बीएचएमएसचा काही उपयोग होईल का? आणि कोणता कोर्स घ्यावा? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

टवाळ_तात्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'डॉक्टर असून नर्स?' हा प्रतिसाद किती वेळात येतो ते बघू.

पळसपान
सई, लिहिती झालीस ते छान केलंस. मी जर्सीतच कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) करून आरएन, म्हणजे लायसन्स असलेली रजिस्टर्ड नर्स झाले. आता हॉस्पिटलात टेलिमेट्रीच्या (हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात त्या) मजल्यावर आहे. आधीचं शिक्षण बी.कॉम., म्हणजे तू माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेस.

आधी एक गैरसमज काढून टाक. कम्युनिटी कॉलेजचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात, त्या कॉलेजातल्या नर्सिंगचे नसतात. कॉलेजला प्रवेश अर्ज भरला की मिळतो. मग इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी हे प्री-रेक्विझिट, म्हणजे आधी करावे लागणारे विषय करायचे. काही ठिकाणी स्टॅटिस्टिक्स किंवा केमिस्ट्रीही लागते. त्यानंतर टीज नाहीतर हेसी ही प्रवेश परीक्षा, आणि मग नर्सिंगसाठी वेगळा अर्ज. जागा मोजक्या, क्लिनिकलला एका शिक्षिकेमागे विद्यार्थी मोजके ठेवावे लागतात म्हणून. त्यामुळे गुण आणि टीजचा स्कोअर मिळून क्रमवारी लागते. कॅटलॉगमधली 'दोन वर्षं' इथून पुढे सुरू होतात. मुलं सांभाळून करणाऱ्या बहुतेकींना सगळं धरून तीन ते चार वर्षं लागतात.

टीजला घाबरू नकोस. १७० प्रश्न, २०९ मिनिटं : वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. गणित आपल्या आठवी-नववीचं. आपली माणसं अडतात ती इंग्रजीच्या भागात, स्वल्पविराम कुठे द्यायचा असल्या प्रश्नांवर.

बीएचएमएसचं म्हणशील तर वेस (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) किंवा तत्सम संस्थेकडून कोर्सनिहाय इव्हॅल्युएशन करून घे. ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) विद्यापीठाकडून थेट, सीलबंद जावं लागतं, तेव्हा भारतात कोणीतरी धावपळ करणारं माणूस हवं. जनरल एज्युकेशनचे काही क्रेडिट सुटतात. पण विज्ञानाच्या विषयांना बऱ्याच कॉलेजांत पाच ते सात वर्षांची मुदत असते, त्याआधीचं धरत नाहीत. आणि सुटत असली तरी अॅनाटॉमी इथे परत करच. तुला तो 'ए' हवा आहे, क्रमवारीत तोच कामाला येतो.

पुढचं संध्याकाळी लिहिते, शिफ्ट आहे.

दादूस
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साडेपाच वर्षं घालवून डॉक्टर झालात आणि आता परक्या देशात बेडपॅन उचलणार? घरच्यांना काय वाटेल? त्यापेक्षा डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स करा, हेल्थकेअर आयटीत तुमच्या डॉक्टरकीला मान आहे. शिवाय ही असोसिएट डिग्री म्हणजे आपल्याकडचा डिप्लोमाच की.

टवाळ_तात्या
आला! :)

निवृत्त_सिस्टर
मी मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आणि जन्मभर सरकारी नोकरी करून निवृत्त झाले. दादूस, तुमचा राग नाही, आमच्या काळापासून ऐकत आलेय. एवढंच सांगते, बेडपॅन जी उचलते तिला पेशंटला काळी शौचाला झालीय हे पहिल्यांदा दिसतं. पोटात रक्तस्राव होतोय हे रात्री दोन वाजता तिलाच कळतं, डॉक्टरांना त्यानंतर फोन जातो.

सई बाळ, लाज वाटून घ्यायची गरज नाही. पण पाठ सांभाळ. पेशंट उचलायचं तंत्र पहिल्या दिवसापासून नीट शीक, आमची निम्मी बॅच कंबरेने गेली.

एक विचारते. माझी भाची बीएस्सी नर्सिंग झालीय, पुण्यात नोकरी करते. तिला तिकडे यायचं तर परत कॉलेज करावं लागेल का?

पळसपान
सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन.

तुमच्या भाचीला कॉलेजची गरज नाही. ती शिकलेलीच नर्स आहे. तिने कागदपत्रांचं इव्हॅल्युएशन करून ज्या राज्यात काम करायचं तिथल्या बोर्डाकडे अर्ज करायचा आणि थेट एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) द्यायची. मुंबईतही केंद्र आहे. व्हिसाची रांग ही वेगळीच डोकेदुखी. नर्सेससाठी ग्रीन कार्डला लेबर सर्टिफिकेशनची (त्या कामाला इथला माणूस मिळत नाही हे दाखवायची) पायरी वगळलेली आहे हे खरं, पण भारतात जन्मलेल्यांची रांग चुकत नाही. एजंट काहीही सांगतील.

दादूस, डिप्लोमाचं म्हणाल तर ही दोन वर्षांची नर्सिंग डिग्री आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसचा तुटवडा पडला म्हणून. मिल्ड्रेड मोन्टॅग यांनी १९५१ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजातल्या प्रबंधात ही कल्पना मांडली आणि १९५२ पासून काही कॉलेजांत ती करून बघितली. त्यांच्या डोक्यात पूर्ण नर्सच्या एक पायरी खालची 'टेक्निशियन' होती. प्रत्यक्षात या मुली तीच लायसन्सची परीक्षा पास झाल्या आणि तेच काम करू लागल्या. आजही असोसिएटवाली आणि बीएसएनवाली (चार वर्षांची नर्सिंग पदवी) एकच एनक्लेक्स देतात, लायसन्स एकच. फरक पडतो तो नोकरीत. मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात. न्यूयॉर्कने तर २०१७ मध्ये कायदाच केला, लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करा म्हणून. पण ते नोकरी करत ऑनलाइन होतं, आणि पुष्कळदा पैसे हॉस्पिटल देतं.

आता सई, तुझ्यासाठी मुद्द्याचं. डॉक्टर म्हणून शिकलेल्यांना नर्सिंगच्या परीक्षेत आधी फटका बसतो. आमच्या वर्गात एक फिलिपिनो डॉक्टर होते, पॅथॉलॉजी तोंडपाठ, आणि पहिल्या पेपरात जेमतेम पास. प्रश्न असा येतो : चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? एकाची साखर २१०, इन्शुलिनची वेळ झालीय. एकाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वेदना दहापैकी आठ. एकाला आज घरी सोडायचंय आणि तो चिडलाय. एकाचं काल थायरॉइडचं ऑपरेशन झालंय आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतोय. उत्तर चौथा, कारण त्याचा श्वासमार्ग बंद होतोय. डॉक्टर मनातल्या मनात चौघांनाही औषध लिहायला बसतो. इथे निदान विचारतच नाहीत. आत्ता, तुझ्या हातात जेवढं आहे त्यात, आधी काय करशील ते विचारतात. ही सवय लागायला एक सेमिस्टर जातं.

दुसरं, औषधांची गणितं. दर सेमिस्टरला वेगळी परीक्षा, नव्वदच्या खाली चालत नाही, काही ठिकाणी शंभरच लागतात. हेपॅरिनचे २५,००० युनिट २५० मिलीत आहेत, ताशी १,२०० युनिट द्यायचे, पंप कितीवर लावशील? ताशी १२ मिली. सोपं आहे, पण लिहिताना ५.० लिहिलंस तर चूक धरतात. ठिपका दिसला नाही तर पेशंटला दहापट डोस जाईल. तसंच .५ लिहिलं तरी चूक, ०.५ च हवं. आणि पासिंग ३५ नव्हे हं! बहुतेक ठिकाणी ७५ ते ७८ टक्क्यांच्या खाली नापास, आणि दोनदा नापास म्हणजे कोर्सबाहेर.

क्ष_किरण
सगळे नर्सिंगच्याच मागे आहेत म्हणून लिहितो. मी ह्यूस्टनला रेडिओग्राफर आहे. टेक्सास मेडिकल सेंटरच्या आवारात ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजचं कोलमन कॉलेज आहे, आरोग्यशास्त्रालाच वाहिलेलं. ज्या गावात मोठी हॉस्पिटलं असतात तिथे कॉलेजचं अर्धं शिक्षण त्या हॉस्पिटलांतच होतं.

रेडिओग्राफीत वर्ग आणि क्लिनिकल बहुतेक दिवसा असतं, शाळकरी मूल असेल तर हे सोयीचं. फिजिक्स आहे, पण बारावीचं फिजिक्स ज्याचं झालंय त्याला जड नाही. खरी मेहनत पोझिशनिंगची. मनगटाचेच चार कोन, प्रत्येकात हात किती वळवायचा ते बोटावर पाहिजे. छातीवर डोजिमीटरचा (अंगाला किती किरण लागले ते मोजणारा) बिल्ला लावून फिरायचं, त्याचा हिशोब नियमित येतो. शेवटी एआरआरटीची (रेडिओग्राफरना सर्टिफिकेट देणारी संस्था) परीक्षा, २०१५ पासून तिला किमान असोसिएट डिग्री लागते. पुढे सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी असं वाढवत नेता येतं.

पहिल्या महिन्यात शिकलेलं स्पॅनिश : रेस्पिरे प्रोफुंदो, नो रेस्पिरे. खोल श्वास घ्या, आता थांबा. आणि मराठी-गुजराती आज्या आल्या की मलाच हाक मारतात. एक आजी छातीच्या एक्स-रेला मंगळसूत्र काढायला काही केल्या तयार होईनात. शेवटी ते वर ओढून हनुवटीपाशी चिकटपट्टीने लावलं, तेव्हा फुप्फुसाचा शेंडा मोकळा मिळाला. हे कुठल्या पुस्तकात नाही.

दंतकथा
मी पुण्याची बीडीएस, आता डेंटल हायजीनिस्ट, म्हणजे डेंटिस्टकडे पेशंटचे दात साफ करणारी. इथे डेंटिस्ट व्हायचं तर परदेशी पदवीवाल्यांनाही डेंटल स्कूलात आणखी दोन-तीन वर्षं काढावी लागतात आणि फी ऐकून दातखीळ बसते. कम्युनिटी कॉलेजमधून हायजीन त्या मानाने स्वस्त. अर्थात इन्स्ट्रुमेंटचा किट, लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगं), बोर्डाच्या परीक्षा यांचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा विचारून घे.

पगाराचं विचारलं नाहीस पण सांगते. सरकारच्या मे २०२३ च्या आकडेवारीत हायजीनिस्टचा मध्यम वार्षिक पगार ८७,५३० डॉलर होता आणि आरएनचा ८६,०७०. पण या आकड्यावर जाऊ नकोस. हायजीनच्या नोकऱ्या बऱ्याचदा आठवड्याला दोन-तीन दिवस, छोट्या दवाखान्यात, हेल्थ इन्शुरन्स नाही. मान आणि मनगट कामातून जातं ते वेगळंच.

आणखी एक, जे कॉलेजवाले शेवटी सांगतात. हायजीनच्या क्लिनिकसाठी पेशंट पुष्कळदा आपणच शोधून आणायचे असतात. तेही कसेही नाही, अमुक इतका टार्टर (दातांवरचा कडक थर) साठलेला हवा. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मी आरती कमी म्हटली आणि आरती म्हणणाऱ्यांचे दात जास्त बघितले. चहा-सुपारीवाले काका दिसले की माझा जीव भांड्यात पडायचा.

टवाळ_तात्या
म्हणूनच दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे बघून इतक्या गोड हसल्या होत्या. मी उगाच भाव खाल्ला.

बे_एरियाकर
कॅलिफोर्नियाची माहिती देतो, बायकोने डी-अँझा कॉलेजला प्री-रेक्विझिट केली आहेत. राज्यात रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढीच आहे. एच-४ वाल्यांना वर्षभर राहिल्यावर रहिवासी दर मिळू शकतो, कागद दाखवावे लागतात. तो मिळाला नाही तर परराज्याचा दर कित्येक पट आहे, म्हणून आधी तेच बघा. जर्सीत काउंटीतल्यांना एक दर आणि बाहेरच्यांना दुसरा, असं ऐकलंय.

आणि ज्यांना ईएडी नाही त्यांच्यासाठी : एच-४ वर शिकायला ईएडी लागत नाही. पूर्णवेळ, अर्धवेळ, कसंही शिका. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना ही मोकळीक नाही. अडचण येते लायसन्सच्या वेळी, कारण बऱ्याच राज्यांची बोर्डं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि तो ईएडीशिवाय मिळत नाही. कॅलिफोर्नियात लायसन्सला आयटीआयएन (कर भरण्यासाठीचा नंबर) चालतो. पण लायसन्स मिळालं तरी काम करायला ईएडी पाहिजेच.

कागदी_घोडा
वरचं बरोबर. थोडी भर.

एच-४ ईएडी सुरू झालं २६ मे २०१५ ला. ते तुमच्या नवऱ्याच्या एच-१ वर टांगलेलं आहे, त्याची नोकरी गेली तर तुमचंही जातं. ऑक्टोबर २०२५ पासून नवीन फटका म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज केला की जी मुदतवाढ आपोआप मिळायची ती बंद केली आहे. नवीन कार्ड हातात आलं नाही तर नर्स असा नाहीतर आणखी कोणी, घरी बसावं लागतं. कोर्स निवडताना हे डोक्यात ठेवा. मुदत संपण्याआधी जितक्या लवकर अर्ज घेतात तितक्या लवकर करा.

एच-४ वर फेडरल आर्थिक मदत मिळत नाही, त्यामुळे त्या मदतीचा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका. कॉलेजच्या स्वतःच्या छोट्या स्कॉलरशिप मात्र जरूर बघा, काहींना नागरिकत्वाची अट नसते आणि अर्ज करणारे फार कमी.

सांगलीची_सई
बाप रे, एवढी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. दादूस, राग नाही आला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तीही क्षणभर गप्प झाली होती, मग म्हणाली की आमच्या आजारपणात डॉक्टर दिवसातून एकदा यायचे आणि सिस्टर दहादा.

मी काल कॉलेजच्या इन्फर्मेशन सेशनला जाऊन आले. लसींची भली मोठी यादी दिलीय. त्यात टीबीची स्किन टेस्ट आहे. मला लहानपणी बीसीजी दिलेली, दंडावर वण आहे. टेस्ट पॉझिटिव्ह येईल ना? मग घेणार नाहीत का?

दुसरं, लॅबमध्ये मांजर कापावं लागतं असं तिथल्या मुलींनी सांगितलं. खरं का?

पळसपान
टीबी : बीसीजीमुळे स्किन टेस्ट सुजू शकते, आपल्याकडच्या कित्येकींची सुजते. म्हणून ती करून घेऊच नकोस, रक्ताची टेस्ट माग, क्वांटिफेरॉन म्हणतात. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. एकदा स्किन टेस्ट पॉझिटिव्ह नोंदली गेली की छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, दर वर्षी प्रश्नावली, असं शुक्लकाष्ठ मागे लागतं. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी यांचे टायटर (रक्तात त्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती किती आहे ते) आत्ताच तपासून ठेव. हेपॅटायटिसची लस परत घ्यायची वेळ आली तर नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, आणि क्लिनिकलची तारीख तुझ्यासाठी थांबत नाही. बॅकग्राउंड चेक, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) सीपीआर कार्ड हे नंतर होतं.

मांजर : हो, बऱ्याच कॉलेजांत. काही ठिकाणी डुकराचं पिल्लू, मेंढीचं हृदय, काही ठिकाणी आता नुसतं मॉडेल आणि स्क्रीन. तू शव विच्छेदन केलेलं आहेस, तुला काय!

टवाळ_तात्या
आमच्याकडे मनीमाऊ आहे. हा प्रतिसाद तिला वाचून दाखवणार नाही.

दादूस
बीसीजीचं माहीत नव्हतं, बहिणीला कळवतो. ती टेक्सासात असाच विचार करतेय. सई ताई, माझं मत अजून तेच आहे, पण शुभेच्छा.

निवृत्त_सिस्टर
पळसपान, भाचीला सगळं कळवलं. ती एजंटला पैसे भरायला निघाली होती, थांबवलं.

क्ष_किरण
सई, एक शेवटचं. कुठलाही कोर्स घेण्याआधी त्याची अॅक्रेडिटेशन (मान्यता) बघ, कॉलेजची नव्हे, त्या कोर्सची. रेडिओग्राफीला जेआरसीईआरटी, नर्सिंगला एसेन किंवा राज्याच्या बोर्डाची मान्यता, हायजीनला कोडा. खासगी 'करिअर' कॉलेजं अगदी तसंच नाव देऊन कम्युनिटी कॉलेजच्या कित्येक पट फी घेतात आणि शेवटी लायसन्सच्या परीक्षेला बसता येत नाही, असं झालेली माणसं मी बघितली आहेत. आधीच्या बॅचचा परीक्षेचा निकाल कोर्सच्या वेबसाइटवर बघ, आणि नसेल तर तोंडावर विचार.

सांगलीची_सई
विचारला. इन्फर्मेशन सेशनला मीच एकटी होते विचारणारी, बाई जरा दचकल्या पण आकडा सांगितला, चांगला आहे. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एकसाठी नाव घातलंय, आठवड्यातून दोन संध्याकाळी, नवरा मुलीला सांभाळेल. नर्सिंग की रेडिओग्राफी ते या सेमिस्टरनंतर ठरवते, अॅनाटॉमी दोन्हीकडे लागतेच. पुस्तकाची किंमत बघून मात्र चक्कर आली. जुनी आवृत्ती चालेल का?

पळसपान
पुस्तक जुनं घे, एखादी आवृत्ती मागची असली तरी हाडं तीच आहेत. लॅब मॅन्युअल नवंच लागेल, त्यातली पानं फाडून सबमिट करायची असतात. आणि लॅब प्रॅक्टिकलला स्पेलिंगचे गुण कापतात. तेवढं पाठ कर.